रेस उतरेना

१९६७ ची एमजीबी, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, दोन-तीन गॅरेज फिरून माझ्याकडे आली. तक्रार एकच: रेस उतरत नाही. पाय काढला की इंजिन कधी मिनिटाला आठशे फेऱ्यांवर येतं, कधी चौदाशेला अडकून राहतं. पेडल बुटाच्या टोकानं वर उचललं की पुन्हा खाली. मालक काका वैतागलेले. कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारे) संपलेत, नवे मागवा, असं त्यांना प्रत्येकानं सांगितलं होतं.

बॉनेट उघडलं. १७९८ सीसीचं इंजिन, बाजूला एसयू कंपनीचे दोन एचएस४ कार्बोरेटर. त्यांच्या मूळच्या बारीक स्प्रिंगा जागेवर होत्या आणि वर आणखी एक जाडजूड स्प्रिंग, मोटरसायकलच्या साइड स्टँडची, मागच्या कार्बोरेटरच्या लिव्हरला ताणून बांधलेली. ती बघून माझं डोकं फिरलं. तिनं काही दिवस रेस उतरलीही असेल. पण ती स्पिंडल, म्हणजे कार्बोरेटरमधली हवेची झडप (बटरफ्लाय) फिरवणारी दांडी, सतत एकाच बाजूला ओढत राहते, आणि ॲल्युमिनियमच्या बॉडीतलं भोक त्याच बाजूनं झिजून लांबट होतं. म्हणजे प्ले (सैलपणा) झाकायला लावलेली स्प्रिंगच प्ले वाढवत होती.

इंजिन चालू ठेवून स्पिंडलच्या टोकाशी कार्ब क्लीनर मारला. आवाज लगेच बदलला. तिथून हवा घेत होतं. बटरफ्लाय बंद असते तेव्हा मॅनिफोल्डची (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीची) ओढ सगळ्यात जास्त असते, म्हणून ही चोरटी हवा आयडलिंगलाच, म्हणजे पाय काढलेला असताना, मिक्श्चर पातळ करते. मग मेकॅनिक जेटचा (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळीचा) नट खाली फिरवून पेट्रोल वाढवतो. हायवेला बटरफ्लाय उघडली की त्या हवेचा फरक पडेनासा होतो, वाढवलेलं पेट्रोल मात्र तसंच राहतं. काकांच्या गाडीचे प्लग काळे पडत होते ते यामुळे. आणि सगळे जेट बदलत बसले होते!

लिंकेजही, म्हणजे पेडलपासून कार्बोरेटरपर्यंतची जोडणी, तसंच झिजलेलं. केबल ज्या मधल्या शाफ्टला फिरवते त्यावर दोन लिव्हर, त्यांच्या पिना दोन्ही कार्बोरेटरच्या फोर्कमध्ये. पिनांना खाचा पडलेल्या, फोर्क रुंदावलेले. एकेका जागचा प्ले नखाएवढाही नाही, पण सगळा मिळून पुढचा कार्बोरेटर आधी उघडायचा आणि मागचा रेंगाळायचा.

बटरफ्लाय स्पिंडलला धरून ठेवणाऱ्या दोन स्क्रूंची टोकं फाकवलेली असतात, सुटून इंजिनात जाऊ नयेत म्हणून. ती आधी मिटवली नाहीत तर स्पिंडलचे आटे जातात. स्पिंडल ५/१६ इंची, म्हणजे ७.९४ मिमी. आमचा टर्नर म्हणाला, "आठचा रॉड पडलाय की, भोक आठचं करून टाकू." त्याच्या दृष्टीनं सहा शतांश मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. मी ऐकलं नाही. तसं केलं असतं तर पुढे या बॉडीत मूळ मापाचा स्पिंडल कधीच बसला नसता. झिजलेल्या भोकांत बसवायला गनमेटलचे बुश (छोट्या नळ्या) करून घेतले. रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) एकाच बाजूनं घालून दोन्ही बुश एका सरळ रेषेत काढले. वेगवेगळे काढले की स्पिंडल आवळतो. नव्या पिना घातल्या. बटरफ्लाय उजेडासमोर धरून कडेनं सारखी बसते का ते पाहिलं, मगच स्क्रू आवळले. शेवटी शाफ्टच्या स्टॉपखाली ०.०१२ इंचाचा फिलर (मापाची पातळ पट्टी) ठेवून लिव्हर बसवले. पाय काढल्यावर पिनेनं फोर्कला जराही उचलून धरता कामा नये, एवढ्यासाठी ती फट असते.

रेस उतरली, दर वेळी त्याच आकड्यावर.

बिल बघून काका म्हणाले, "कार्बोरेटर तर जुनेच आहेत, मग एवढे कशाचे?" नवे मागवले असते तर हाच माणूस तिप्पट पैसे न बोलता देता. लोक पार्टचे पैसे देतात, हाताचे द्यायला त्यांच्या जिवावर येतं.

पण डोक्यातून जात नाही तो स्प्रिंग लावणारा मेकॅनिक. त्याला कदाचित 'संध्याकाळपर्यंत द्या' एवढंच सांगितलं असेल. रेस अडकलेली गाडी ट्रॅफिकमध्ये माणूस मारू शकते, आणि त्याच्या स्प्रिंगनं निदान तेवढं थांबवलं. मी असतो तर गाडी सोडलीच नसती, असं मला वाटतं. पण माझ्याकडे रीमर आहे, ओळखीचा टर्नर आहे, आणि गिऱ्हाइकाला थांबा म्हणायची सोय आहे. त्याच्याकडे यातलं काय होतं, मला माहीत नाही.