ऑफिसच्या चॅटवर नुसतं ‘हाय’ पाठवून थांबू नका

स्लॅक असो, टीम्स असो की गूगल चॅट, सगळ्यात जास्त वेळ खातो तो एकटा ‘हाय’. समोरचा हातातलं काम सोडतो, ‘बोला’ लिहितो आणि पुढचा मेसेज येईपर्यंत ताटकळतो. फोनवर ‘हॅलो’ला लगेच उत्तर मिळतं. चॅटवर तेच तासाभराने मिळू शकतं आणि तोवर मूळ प्रश्न तसाच लटकलेला.

वरिष्ठांना थेट कामाचं विचारणं उद्धट वाटेल, ही भीती खरी आहे. पण ‘नमस्कार सर’ लिहून शिफ्ट-एंटर दाबा आणि खालच्या ओळीत काम लिहा. मानही राहतो, वेळही वाचतो. नुसतं एंटर दाबलंत तर अर्धाच मेसेज जातो.

चांगला मेसेज असा असतो: ‘स्नेहल, मार्चच्या इन्व्हॉइसमध्ये ओळ 42 वर जीएसटी 18 ऐवजी 5 टक्के लागलाय. फाइल जोडली आहे. क्लायंटला आज 4 पर्यंत पाठवायची आहे. दुरुस्ती तू करशील की मी करू?’ काय चुकलंय, कुठे, कधीपर्यंत हवंय, सगळं आलं. शेवटचा प्रश्न तर फार मोलाचा, कारण स्नेहल मीटिंगमध्ये बसूनही ‘तू कर’ एवढं लिहू शकते. ‘जरा बघ ना’ म्हटलं की नक्की काय बघायचं, इथूनच तिची सुरुवात होते.

एरर आली तर स्क्रीनशॉटसोबत तिचा मजकूरही कॉपी करून टाका. चित्रातला मजकूर पुढे चॅटमध्ये शोधून सापडेलच असं नाही आणि लांबलचक नंबर हाताने उतरवताना चूक होते.

चॅनेलवर, म्हणजे टीमच्या सामायिक चॅटमध्ये, कुणी प्रश्न विचारला असेल तर उत्तर त्याच्याच थ्रेडमध्ये, म्हणजे त्या मेसेजखालच्या उत्तरांच्या साखळीत द्या, नाहीतर दोन विषयांची खिचडी होते. थ्रेडमध्ये सगळ्यांना लागू होणारा निर्णय झाला, तर स्लॅकमध्ये उत्तराच्या चौकटीखाली तेच उत्तर चॅनेलवरही पाठवायचा पर्याय आहे, त्यावर टिक करा. ‘@चॅनेल’ लिहिलं की चॅनेलमधल्या सगळ्यांना नोटिफिकेशन जातं, ‘@हिअर’ने फक्त त्या वेळी ॲक्टिव्ह असलेल्यांना. सर्व्हर बंद पडला तर पहिलं वापरा. केक कापायला बोलवायचं असेल तर दोन्ही नकोत.

चूक दाखवायची तर ती थेट मेसेजमध्ये, चारचौघांत नाही. यात सूट नसावी.

न्यूयॉर्कच्या टीमसोबत काम करत असाल तर ‘उद्या 5 ला’ हे अपुरं आहे. त्यांच्या उन्हाळी वेळेत आपण साडेनऊ तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेदहा. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये त्यांची घड्याळं बदलली की आपल्याकडे 6:30 ला ठरलेला कॉल 7:30 वर जातो, किंवा उलट. म्हणून वेळेपुढे ‘भारतीय वेळ’ लिहाच. रात्री सुचलेलं काम लगेच पाठवू नका, सकाळसाठी शेड्यूल करा. स्लॅकमध्ये पाठवायच्या बटणाशेजारी त्यासाठी बाण आहे.

आणि वेळ बदलली तर जुना मेसेज एडिट करून भागत नाही. ज्यांनी तो आधीच वाचलाय त्यांना एडिटचं नोटिफिकेशन जात नाही, म्हणून बदललेली वेळ नव्या मेसेजमध्ये लिहा.