किस्सातेनची वही: 31 कप, 11 काडेपेट्या

मागची नोंद टाकून अडीच महिने झाले, मधे ऑफिसात नुसती मारामारी होती त्यामुळे आकडा काही मनासारखा सरकला नाहीये. जानेवारीत ठरवलेलं की वर्षभरात टोकियोतली 50 जुनी किस्सातेन करायची. आज 31. काडेपेट्या 11.

नवीन मंडळींसाठी पटकन सांगतो, किस्सातेन म्हणजे जपानमधलं जुन्या वळणाचं कॉफीचं दुकान, झिजलेल्या मखमली खुर्च्या, पिवळा उजेड, काउंटरमागे एक म्हातारा मालक ज्याला सगळे 'मास्टर' म्हणतात. आपल्याकडे इराण्याची जी जागा तीच समजा, फक्त इथे बन मस्क्याऐवजी जाडजूड टोस्ट. पूर्वी दुकानं स्वतःच्या नावाची काडेपेटी छापून घ्यायची कारण लोक सिगरेटी ओढत तासन् तास बसायचे, पण एप्रिल 2020 पासून आत ओढण्यावर कडक नियम आले आणि काडेपेट्या आणखीनच कमी झाल्या. म्हणून जिथे जातो तिथे बिल देताना लाजत लाजत विचारतो. मिळाली तर त्या दिवशी घरी येताना ट्रेनमधे तीनदा खिसा चाचपतो.

आता एक कबुली. टोकियोत आलो तेव्हा पहिले सहा महिने मीही अकिहाबाराचं मेड कॅफे (मोलकरणीच्या पोशाखातल्या मुली वाढतात ते), मांजरांचं कॅफे, सगळं करून आलोय. फोटो मस्त येतात. पण दुसऱ्यांदा जावंसं एकातही वाटलं नाही, कारण तिथला विक्षिप्तपणा गिऱ्हाईकासाठी ठरवून केलेला असतो. किस्सातेनचा मास्टर मुळातच विक्षिप्त असतो, तुम्ही आलात काय नि गेलात काय.

उदाहरणच देतो. कप नंबर 27, शिबुयाचं लायन. 1926 साली सुरू झालेलं, युद्धात बॉम्बहल्ल्यात जळलं, 1950 मधे परत बांधलं. दोगेनझाकाच्या चढावर, आजूबाजूला सगळी लव्ह हॉटेलं, म्हणजे जोडप्यांना तासांवर खोली देणारी, आणि मधेच ही अंधारी दगडी इमारत. आत गेलात की एसटीत बसल्यासारखं सगळ्या सीट एकाच दिशेला, आणि ड्रायव्हरच्या जागी दोन मजले उंच लाकडी स्पीकर. बोलायचं नाही, फोटो काढायचा नाही, शास्त्रीय पाश्चात्य संगीत ऐकायचं. रोज 3 आणि 7 वाजता ठरलेला कार्यक्रम, महिन्याची पत्रिका छापतात. मी रविवारी 3 चा धरून गेलो, आणि बरोब्बर हळू भाग चालू असताना माझा फोन थरथरायला लागला, तोही लाकडी टेबलावर! आईचा व्हिडिओ कॉल, कारण भारतात साडेअकरा म्हणजे तिची पूजा आटपण्याची वेळ. कोणी काही बोललं नाही, बोलायचं नसतंच ना, पण पाच-सहा माना वळल्या आणि मी सीटमधे जितका खाली घसरता येईल तितका घसरलो. कॉफी ठीकठाक होती. पण तिथे कॉफी हे फक्त सीटचं तिकीट.

कॉफीसाठी जायचं तर गिन्झाचं कॅफे द लाम्ब्र, कप नंबर 28. 1948 पासून, आणि पाटीवरच लिहिलंय की इथे फक्त कॉफी. संस्थापक सेकिगुची इचिरो 2018 मधे वारले, वय 103. कच्च्या बिया वर्षानुवर्षं मुरवून मग भाजायच्या हे त्यांचं वेड, आपण लोणचं मुरवतो तसं. कॉफी गाळतात ती फ्लॅनेलच्या कापडी पिशवीतून, पाण्याची अगदी बारीक धार धरून. ते बघताना मला अमृततुल्यवाल्याचं चहाचं फडकंच आठवत होतं, फक्त तो एका झटक्यात किटली भरतो आणि इथे एका कपाला तपश्चर्या. मी त्यांची ती गोड गार कॉफी घेतली, उभ्या दांडीच्या ग्लासात, वर दुधाचा पांढरा थर. ढवळू नका असं सांगितलं. ढवळली नाही, हिंमतच झाली नाही.

29 शिबुयाचंच चातेई हातो, 1989 चं म्हणजे या यादीत तसं पोरसवदा. मागच्या भिंतीवर कपांची रांगच रांग आणि तुमच्याकडे बघून तुमचा कप ते निवडतात. शेजारच्या बाईंना सोनेरी काठाचा नाजूक कप, मला जाड निळा. काय समजायचं ते मी समजलो.

30 जिम्बोचोचं साबोरु, 1955. निशिकासाईहून मेट्रोच्या तोझाई लाईनने कुदानशिताला उतरून जुन्या पुस्तकांच्या दुकानांवरून चालत गेलो त्यामुळे अर्धा दिवस रस्त्यातच गेला. विटांच्या भिंतींवर गिऱ्हाइकांनी लिहून ठेवलेलं, कॉफीबरोबर शेंगदाणे. शनिवारी जाऊ नका, क्रीम सोड्याचे फोटो काढायला आलेल्या पोरांची लाईन कोपऱ्यापर्यंत.

खाण्याबद्दल शाकाहारी लोक नेहमी विचारतात (मी अंडं खातो, पुढे नाही). अंड्याचं सँडविच आणि टोस्ट यावर माझं निभतं. बाकी सावध रहा, 'निकु नाशी' म्हणजे मांस नको एवढं सांगून भागत नाही. एका दुकानात नापोलितान, म्हणजे केचपमधला लालभडक स्पॅगेटी, निकु नाशी सांगून मागवला तर वर हॅमच्या पट्ट्या. विचारलं तर काकू मनापासून गोंधळल्या, अहो हे निकु नाही, हे हॅम आहे! आता मी हॅम, बेकन, सॉसेज सगळ्यांची नावं घेऊन नको म्हणतो, संकल्प सोडल्यासारखं.

31 तसं किस्सातेन नाही, पण वही माझी आहे. शिंजुकूचं नाकामुराया. मुळात ब्रेडचं दुकान, 1915 मधे जपानला पळून आलेल्या क्रांतिकारक रासबिहारी बोसांना मालक सोमा दांपत्याने इथेच लपवलं, पुढे सोमांच्या मुलीशी, तोशिकोशी बोसांचं लग्न झालं. 1927 मधे दुकानाने चहा-कॉफीचा विभाग काढला तेव्हा पिठाने दाट केलेल्या इंग्रजी वळणाच्या करीऐवजी आपल्याकडची करी ठेवायचा आग्रह बोसांचा, आणि ती आजही तळघरातल्या रेस्टॉरंटमधे मिळते. चिकनची आहे, त्यामुळे मित्राने खाल्ली आणि मी त्याच्याकडे बघत बसलो.

आकडा 33 व्हायला हवा होता. दोन ठिकाणी पोचलो तर शटरवर हाताने लिहिलेला कागद, इतकी वर्षं आलात, आभार. एकाला तर मी एप्रिलपासून 'पुढच्या रविवारी' म्हणत होतो. 1981 मधे जपानभर अशी दीड लाखाच्या वर दुकानं होती, 2021 मधे 60 हजारांच्या आत, आणि मास्टर सत्तर-ऐंशीचे, मुलं नोकरीला. म्हणून यादीचा क्रम बदललाय, जवळचं आधी ऐवजी आता म्हातारा मास्टर आधी.

पुढे यानाकाचं कायाबा, 1938 मधे सुरू झालेलं, मधे बंद पडून 2009 ला परत उघडलेलं. तिथे अर्धी कॉफी अर्धा कोको असं एक पेय मिळतं, ते प्यायचंय. आणि ऑक्टोबरच्या लाँग वीकेंडला रात्रीच्या बसने नागोयाला जायचा विचार आहे, तिकडे सकाळी कॉफी मागवली की टोस्ट आणि उकडलेलं अंडं फुकट येतं. एका सकाळी तीन दुकानं झेपतील का, कोणी केलंय? आणि तिकडे काडेपेट्या अजून मिळतात का तेही सांगा.