तुम्ही विचारलंत म्हणून: नालबंद गेला, तर पाद्री इतका कोरडा का?

इंग्रजी कवी आणि पाद्री जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्सची ‘फेलिक्स रँडल’ ही कविता वर्गात घेतली की हा प्रश्न ठरलेला. नालबंद मेल्याची बातमी येते आणि महिनोन्‌महिने त्याच्या उशाशी जाऊन बसलेला पाद्री म्हणतो काय, तर ‘अरे, गेला का तो? म्हणजे माझं कर्तव्य संपलं.’ याला शोकगीत म्हणायचं?

म्हणायचं. कोरडेपणा आहेच, तो झाकायची गरज नाही. पण तो कुठपर्यंत टिकतो ते बघा. चौदा ओळींच्या या सुनीतात पहिल्या आठ ओळी फेलिक्स ‘तो’ असतो. नवव्या ओळीत पाद्री सर्वसाधारण बोलतो: आजाऱ्यांना भेटत राहिलं की त्यांचा जीव आपल्यावर जडतो, आपलाही त्यांच्यावर. आणि दहाव्या ओळीत तो एकदम मेलेल्या माणसाशीच बोलू लागतो, ‘तू’ म्हणून, तेही इंग्रजीतल्या जुन्या, जवळिकीच्या ‘दाउ’ने. जिवंतपणी ज्याची नोंद ‘तो’ म्हणून ठेवली, त्याला मेल्यावर हाक मारली. सगळा शोक या वळणात आहे. पहिल्या ओळीपासूनच गहिवर काढला असता तर हे वळण उरलंच नसतं.

‘कर्तव्य’ हा शब्दही शब्दशः घ्या. हॉपकिन्स जेझुइट या कॅथलिक संघाचा, 1877 साली पाद्री म्हणून दीक्षा झालेला. 1880 मध्ये तो लिव्हरपूलच्या सेंट फ्रान्सिस झेवियर चर्चमध्ये होता. बंदराचं शहर, दाट गरीब वस्ती, आयरिश कॅथलिक मजूर मोठ्या संख्येने. आजाऱ्यांच्या घरी जाणं हा तिथल्या पाद्रीच्या रोजच्या कामाचा भाग. या कामाने शरीर आणि डोकं दोन्ही थकतं, कवितेला काही उरत नाही, अशी तक्रार त्याने मित्रांना पत्रांतून केली आहे. खऱ्या नालबंदाचं आडनाव स्पेन्सर. 21 एप्रिल 1880 रोजी तो क्षयाने गेला, वय 31. कवितेवरची तारीख 28 एप्रिल. एका आठवड्याचं अंतर. तेव्हा हॉपकिन्स स्वतः 35 वर्षांचा होता, आणि तरी दहाव्या ओळीनंतर तो या माणसाला ‘चाइल्ड’ म्हणतो. मराठीत इथे ‘लेकरा’ चालेल. ‘बाळा’ने घात होईल.

आता जिथे वाचणारे हमखास घसरतात ती जागा: संस्कारांचा क्रम. कवितेत आधी आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याच्या संस्काराचा उल्लेख येतो, मग ‘काही महिने आधी’ दिलेल्या गोड ‘सुटकेचा’. घटना उलट क्रमाने घडल्यात. आधी ती ‘सुटका’, म्हणजे पापकबुली आणि कम्युनियन (प्रसादाची भाकर). तेव्हापासून त्याचं मन वळायला लागलं. तेल लावणं नंतर, कारण त्या काळात तो संस्कार मरण जवळ दिसल्यावरच द्यायचे. ‘सुधारला’ असं पाद्री म्हणतो ते प्रकृतीबद्दल नाही. आधी शिव्याशाप देणारा माणूस निवळला, एवढंच. हे लक्षात आलं नाही की विद्यार्थी ‘तो बरा झाला होता, मग मेला कसा?’ असं विचारतात, आणि त्यांचं चुकतही नाही.

या तेलाकडे जरा नीट बघू. ते ऑलिव्हचं, ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी बिशपने आशीर्वाद दिलेलं. त्या काळी पाद्री अंगठा त्यात बुडवून डोळे, कान, नाक, ओठ, हात आणि पाय यांवर क्रुसाची खूण करायचा. प्रत्येक ठिकाणी त्या इंद्रियाने केलेल्या पापांच्या क्षमेची छोटी प्रार्थना. आजारी माणूस स्वतः पाद्री असला तर तेल हाताच्या पाठीवर लावायचे, कारण त्याच्या तळव्यांना दीक्षेच्या वेळीच लागलेलं असतं. बाकी सगळ्यांच्या तळव्यांवर. म्हणजे घण धरून घट्टे पडलेल्या तळव्यावर हॉपकिन्सचा अंगठा फिरला असणार. कवितेत स्पर्शाने आसवं थांबवल्याचं येतं, तिथे मला तरी हा अंगठा दिसतो. आणि पायांना लावलेलं तेल आठवून शेवटच्या ओळीत फेलिक्स घोड्यासाठी घडवतो ती नाल वाचा; तिला तिथे ‘सँडल’ म्हटलंय.

नालबंदीचं काम माहीत नसेल तर ती शेवटची ओळ नुसती सजावट वाटते. घोड्याचा पाय उचलून मांड्यांत धरायचा, कमरेत वाकून. जुनी नाल उपटायची, वाढलेला खूर कापून कानशीने सपाट करायचा. नाल भट्टीत तापवून, ऐरणीवर वळवून, गरम असतानाच खुराला टेकवून बघायची. धूर निघतो, पण खुराच्या बाहेरच्या भिंतीला संवेदना नसते. मग खिळे. ते त्या भिंतीतूनच तिरपे जाऊन बाहेर निघायला हवेत. जरा आत गेले की जिवंत मांसाला लागतात आणि घोडा लंगडतो. बाहेर आलेली टोकं मोडून दुमडायची. हे गाडा ओढणाऱ्या धिप्पाड घोड्याच्या चारही पायांना, आणि पुन्हा साधारण सहा-आठ आठवड्यांनी. असलं अंग क्षयाने झिजलं, म्हणून दुसऱ्या ओळीत ‘मोठ्या हाडापेराचा, देखणा’ हे आधी सांगून घेतलंय.

शब्दांतही तोच गाव. ‘फेटल’ म्हणजे नीट करणं, सज्ज करणं. ‘ऑल रोड’ म्हणजे कसंही, कुठल्याही परीने. दोन्ही उत्तर इंग्लंडच्या कामकऱ्यांच्या बोलीतले. ऑक्सफर्डमध्ये शिकलेला पाद्री ‘देव त्याला शांती देवो’ ही प्रार्थना त्या माणसाच्या बोलीत करतो. ‘रँडम’ मात्र आजच्या अर्थाने घेऊ नका. ओबडधोबड दगडांच्या बांधकामाला तो शब्द होता, भट्टीला तेच विशेषण आहे.

मोठ्याने वाचताना अक्षरं मोजू नका, आघात मोजा: ओळीला सहा. मधली हलकी अक्षरं कितीही येवोत, ती भरभर जाऊ द्यायची. शेवटच्या ओळीत ‘ग्रेट ग्रे ड्रेहॉर्स’वर (गाडा ओढणारा थोरला करडा घोडा) लागोपाठ तीन आघात द्यायचा मोह होतो; सहात बसवायचं तर त्यातला एक हलका सोडावा लागतो. आणि तिथे आवाज खाली आणून ओलावा घालू नका. ओळीच्या शेवटी उद्गारचिन्ह आहे.