अब्यानेह : तीनशे माणसांचं गाव कोण चालवतं?

इराणमधल्या अब्यानेह गावाला येणाऱ्या बहुतेक पर्यटक बसगाड्या दोन-तीन तासांत परततात. लाल मातीची घरं, फुलाफुलांचे पांढरे रुमाल घेतलेल्या आज्या, दारावरच्या दोन निराळ्या कड्या, एवढे फोटो निघाले की संपलं. इथे माणसं राहतात, हे त्यांच्या गावीही नसतं. याचा मला मनापासून राग येतो.

गाव इस्फहान प्रांतातल्या नतन्झ तालुक्यात, करकस डोंगराच्या उतारावर. काशान शहराहून साधारण 80 किलोमीटर. बसच्या भरवशावर राहू नका, काशानलाच टॅक्सी ठरवा, आणि भाव रियालमध्ये सांगितलाय की तोमानमध्ये हे आधी विचारून घ्या. 1 तोमान म्हणजे 10 रियाल, आणि वाद हमखास इथेच होतो. वाटेत नतन्झचा अणुप्रकल्प लागतो. त्या टप्प्यात कॅमेरा पिशवीतून काढूच नका.

2006च्या जनगणनेत इथली लोकसंख्या तीनशेच्या आसपास भरली. नोंद होते ती माणूस नेहमी राहतो तिथे, त्यामुळे तेहरान-काशानला स्थायिक झालेली कुटुंबं या आकड्यात येत नाहीत. मोहरममध्ये लाकडी नख्ल, म्हणजे ताबूताचं प्रतीक असलेला सांगाडा, खांद्यावर घेऊन मिरवायला मात्र तीच माणसं हजर असतात. सरकारी आकड्यावरून गाव किती मोठं ते कळतच नाही.

कारभाराची उतरंड अशी : प्रांताला ओस्तानदार, तालुक्याला फरमानदार, त्याखालच्या विभागाला बख्शदार. त्याखाली देहेस्तान, म्हणजे खेड्यांचा गट. अब्यानेह बर्झरूद देहेस्तानात येतं. गावाची निवडून आलेली परिषद असते, छोट्या गावात तीन सदस्यांची. या परिषदांच्या पहिल्या निवडणुका 1999 साली झाल्या. परिषद देहयार, म्हणजे गावचा कारभारी, निवडते, नेमणुकीचा हुकूम बख्शदार काढतो. रस्ते, कचरा, बांधकाम परवाने हे सगळं देहयाराकडे. आपल्याकडच्या ग्रामसेवकाची आठवण होते, पण ग्रामसेवक वरून येतो आणि देहयाराला गावची परिषद निवडते. हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

खेड्याची खरी मोजदाद बघायची तर इराणच्या ग्रामीण आरोग्यघरात जावं. तिथे बेहवर्ज, म्हणजे गावची आरोग्यसेविका, काम करते, बहुधा त्याच परिसरातली, दोन वर्षांचं प्रशिक्षण घेतलेली. वर्षाच्या सुरुवातीला ती घरोघर फिरून माणसं मोजते. भिंतीवर एक गोल तक्ता असतो, झीज-ए-हयाती. त्यात एकात एक वर्तुळं आणि बारा महिन्यांचे भाग. मूल जन्मलं की त्या महिन्याच्या घरात खूण. कुणी वारलं की वय आणि कारणासकट नोंद. नवरोजला, म्हणजे इराणी नववर्षाला, नवा तक्ता सुरू होतो. आता नोंदी संगणकावरही जातात, पण गावाची तब्येत एका नजरेत दिसते ती या कागदावरच. एवढ्या साध्या साधनाने एवढं नेमकं काम होताना मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

अब्यानेहची दुखरी नस म्हणजे छपरं. लाकडी तुळया, त्यावर काहगेल, म्हणजे माती आणि गव्हाच्या भुशाचा गिलावा. माती भिजवून, भुसा मिसळून, तुडवून मुरू द्यावी लागते. भुसा कमी पडला तर वाळताना भेगा पडतात, भेगांतून बर्फाचं पाणी मुरतं आणि तुळई कुजते. म्हणून बर्फ पडला की लगेच लाकडी फावड्याने छप्पर साफ करायचं, मग दगडी रूळ फिरवून माती दाबायची, आणि काही वर्षांनी नवा थर द्यायचा. कुलूपबंद घरावर हे करणार कोण? एका घराचं छप्पर खचलं की शेजारच्याची भिंत ओली होते.

1975 पासून गाव राष्ट्रीय वारसा यादीत आहे. त्यामुळे सिमेंट थापून मोकळं होता येत नाही. देहयाराच्या परवान्याआधी वारसा खात्याची संमती लागते. नियम योग्यच आहे. पण वारस चार शहरांत पांगलेले असले की सह्या गोळा करण्यातच मोसम निघून जातो आणि पुढचा बर्फ येऊन ठेपतो.

जायचंच तर सुट्टीचा शुक्रवार टाळा आणि रात्री मुक्काम करा. आज्यांचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका; वाळवलेली सफरचंदं त्या विकतात, ती घ्या. बंद घरांच्या छपरांवर चढू नका, माणसाच्या वजनाने काहगेल फुटतं आणि दुरुस्तीला तिथे कुणी नसतं.