मातीच्या भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा

सहा वर्षांपूर्वी आम्ही उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांची एक लहान खोली बांधली होती. तिच्या बाहेरच्या भिंतींवरचा सिमेंटचा गिलावा यंदा पाऊस सरल्यावर मी पूर्णपणे काढून टाकला. मूळ बेत मातीचाच गिलावा करण्याचा होता. परंतु मातीचा गिलावा दर दोन-तीन वर्षांनी डागडुजी मागतो आणि सिमेंटचा एकदा केला की पुन्हा पाहावे लागत नाही, असे एका अनुभवी गवंड्याने सांगितले आणि मला ते पटले. पहिली दोन वर्षे भिंत खरोखरच सुरेख दिसत होती. तिसऱ्या वर्षी केसाएवढ्या भेगा पडल्या, चौथ्या वर्षी गिलाव्यावर बोटाने टकटक केल्यास पोकळ आवाज येऊ लागला आणि यंदा गुडघ्याच्या उंचीवर गिलावा पोळीसारखा फुगून भिंतीपासून सुटला. तो काढला तेव्हा मागच्या विटा इतक्या ओल्या झाल्या होत्या की बोट पहिल्या पेरापर्यंत सहज आत गेले. आधारासाठी ठोकलेली तारेची जाळी गंजून तुटत होती. त्याच भिंतीची आतली बाजू, जिच्यावर मातीचाच गिलावा होता, ती मात्र कोरडी ठणठणीत होती.

हे का झाले ते समजून घेताना माझ्या लक्षात आले की नैसर्गिक साहित्याने बांधणे म्हणजे सिमेंटऐवजी माती, लोखंडाऐवजी बांबू अशी अदलाबदल करणे नव्हे. पाया, भिंत, गिलावा आणि छप्पर यांची पाण्याशी वागण्याची एक ठरलेली रीत असते आणि त्यांतला एकच घटक बदलला तरी उरलेले सगळे बिघडते. मातीच्या भिंतीत पाणी शिरणारच. जमिनीतून वर चढेल, भेगेतून झिरपेल, हवेतल्या दमटपणातून येईल. त्यात धोका नाही, कारण मातीचा किंवा चुन्याचा गिलावा ती वाफ बाहेर जाऊ देतो. सिमेंटचा घट्ट थर पाणी भेगांमधून आत घेतो, पण वाफेला वाट देत नाही. शिवाय माती ओलीने फुगते आणि वाळताना आकसते, तर सिमेंटचा कडक पत्रा तिच्यासोबत हालत नाही. ‘भिंत श्वास घेते’ असे आपण म्हणतो, त्याचा नेमका अर्थ एवढाच असतो की वाफ तिच्यातून आरपार जाऊ शकते.

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात रँचोस दे ताओस येथे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेले सेंट फ्रान्सिसचे मातीचे चर्च आहे. दरवर्षीच्या सारवणातून सुटका व्हावी म्हणून 1967 मध्ये त्याच्यावर सिमेंटचा गिलावा करण्यात आला. पुढच्या दहा-बारा वर्षांत आतल्या भिंती ओल धरून ढासळू लागल्या, तेव्हा तो थर उतरवून 1979 मध्ये पुन्हा मातीचा गिलावा करावा लागला. दीडशे वर्षे मातीने सांभाळलेली इमारत तथाकथित कायमच्या उपायाने एका तपात संकटात आणली, हे मी खोली बांधण्यापूर्वी वाचले असते तर माझा निर्णय वेगळा झाला असता.

याच्या अगदी उलट उदाहरण पश्चिम आफ्रिकेतील माली देशात जेन्ने येथील मातीच्या मशिदीचे. आजची इमारत 1907 मध्ये उभी राहिली आणि तिच्यावर दरवर्षी सारे गाव मिळून नवा गिलावा चढवते. भिंतींतून बाहेर आलेल्या ताडाच्या दांड्यांवर चढूनच हे काम होते, म्हणजे दुरुस्तीची शिडी इमारतीच्या रचनेतच बसवलेली आहे. ‘टिकाऊ’ या शब्दाचा हा अर्थ मला फार मोलाचा वाटतो. तिथे हात न लावता टिकण्याची अपेक्षाच नाही. कोणालाही करता येईल अशा दुरुस्तीने टिकण्याची आहे. येमेनमधील शिबाम शहरात कच्च्या विटांच्या अनेक मजली इमारती आहेत, त्यांपैकी बहुतेकांचा काळ सोळाव्या शतकापर्यंत मागे जातो. त्यांनाही सततची देखभाल लागते आणि 2008 च्या पुरात तिथले नुकसान झाले तेही पाण्यानेच.

आता मातीविषयी. बांधकामाला कोणतीही माती चालत नाही आणि सुपीक माती तर मुळीच चालत नाही, कारण तिच्यातला पालापाचोळा पुढे कुजतो. वरचा थर बाजूला सारून खालची माती घ्यावी लागते आणि तिची पारख करायला प्रयोगशाळा लागत नाही. आम्ही काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती घेतली, वर पाणी भरले, चिमूटभर मीठ टाकले आणि बरणी जोराने हलवून खिडकीत ठेवून दिली. मिनिटभरात वाळू तळाशी बसली, तासाभरात तिच्यावर बारीक गाळाचा पट्टा दिसू लागला आणि सर्वांत वरची चिकणमाती खाली बसून पाणी निवळायला दुसरा दिवस उजाडला. पट्ट्यांची जाडी पट्टीने मोजली की प्रमाण कळते. विटांसाठी चिकणमाती साधारण 15 ते 30 टक्के असावी. कमी असेल तर वीट भुसभुशीत होते, जास्त असेल तर वाळताना तडकते. दुसरी परीक्षा हाताची. ओल्या मातीचा सुमारे 3 सेंटीमीटर जाडीचा लोळा वळून तो टेबलाच्या कडेवरून हळूहळू पुढे सरकवायचा. 5 सेंटीमीटरच्या आत तुटला तर वाळू जास्त, 15 च्या पुढेही तुटला नाही तर चिकणमाती जास्त. आमच्या पहिल्या खड्ड्यातल्या मातीचा लोळा वीतभर लोंबकळत राहिला आणि आम्हाला तिच्यात वाळू मिसळावी लागली. फुगणाऱ्या काळ्या मातीच्या वाटेला मात्र शक्यतो जाऊच नये. पाण्याने ती इतकी फुगते आणि वाळल्यावर इतकी आकसते की भेगा आवरत नाहीत.

सिमेंटशी माझे वैर नाही. पोर्टलंड सिमेंटचे, म्हणजे आजच्या नेहमीच्या सिमेंटचे, एकस्व (पेटंट) 1824 मध्ये घेतले गेले आणि त्यानंतर धरणे, पूल, खोल पाया अशी कितीतरी कामे त्यामुळे शक्य झाली. पण त्याचा हिशेब रसायनशास्त्रातच अडकलेला आहे. सिमेंटचा मुख्य कच्चा माल चुनखडी. 100 किलो शुद्ध चुनखडी तापवली की 56 किलो चुना उरतो आणि 44 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भट्टी सौर ऊर्जेवर चालवली तरी हे 44 किलो चुकत नाहीत. त्यात भट्टीचे सुमारे 1,450 अंश सेल्सियस तापमान आणि त्याचे इंधन मिळवा. जगात वर्षाला सुमारे 4 अब्ज टन सिमेंट तयार होते आणि मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे 8 टक्के वाटा या एका पदार्थाचा आहे. क्लिंकरचा, म्हणजे भट्टीतून निघणाऱ्या आणि दळून सिमेंट होणाऱ्या खड्यांचा, मोठा भाग कमी करून त्याच्या जागी 700 ते 800 अंशांवर भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेली चुनखडी वापरण्याचा मार्ग आता सिद्ध झाला आहे. त्याने उत्सर्जन 40 टक्क्यांपर्यंत घटते, म्हणून जिथे सिमेंट टाळता येत नाही तिथे तो मला सर्वांत आशादायक वाटतो.

चुना म्हणजे निर्दोष, असाही समज मी बाळगत नाही. कळीचा चुना करताना तीच चुनखडी भाजावी लागते आणि तोच वायू बाहेर पडतो. फरक असा की चुन्याच्या भट्टीला 900 अंशांच्या आसपास तापमान पुरते आणि गिलावा वाळत असताना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत शोषून पुन्हा चुनखडीच होतो. इंधनाचा धूर अर्थातच परत येत नाही. हे शोषण बाहेरून आत, अतिशय सावकाश होते. म्हणून चुन्याचे थर पातळ द्यावे लागतात, मधे दिवस जाऊ द्यावे लागतात आणि भिंत ओलसर ठेवावी लागते. भिजवलेला चुना जितका अधिक मुरेल तितका तो लोण्यासारखा मऊ होतो आणि थापीखाली सहज पसरतो. त्यात भाजक्या विटांची पूड, म्हणजे सुरखी मिसळली तर तो ओलीतही धरतो. घाईच्या कामाला चुना सोसत नाही, हीच आज त्याची मोठी अडचण आहे. चुन्यात रचलेल्या विटा इमारत पाडताना अखंड सुटतात आणि पुन्हा वापरता येतात, हा त्याचा लाभ मात्र फारसा कोणी मोजत नाही.

लाकडाचा हिशेब समजायला सोपा आहे. कोरड्या लाकडाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग कार्बन असतो, म्हणजे 500 किलो वजनाच्या एका घनमीटर लाकडात हवेतला सुमारे 900 किलो कार्बन डायऑक्साइड साठवलेला असतो. तोडलेल्या झाडाच्या जागी नवे झाड वाढले आणि लाकूड दीर्घकाळ इमारतीत राहिले तरच हा साठा जमेला धरता येतो. कापून दहा वर्षांत जाळले तर काहीच साधले नाही. जाड लाकडी तुळई आगीत पातळ पत्र्यासारखी अचानक दगा देत नाही, कारण तिचा पृष्ठभाग मिनिटाला सुमारे 0.7 मिलिमीटर या गतीने कोळसा होत जातो आणि तो कोळसाच आतल्या लाकडाचे रक्षण करतो. नॉर्वेतील ब्रुमुंडाल येथे 2019 मध्ये पूर्ण झालेली म्योसतोर्नेत ही 18 मजल्यांची इमारत लाकडी सांगाड्यावर 85.4 मीटर उंच उभी आहे. तिच्या वरच्या मजल्यांचे स्लॅब मात्र काँक्रीटचे आहेत, कारण निव्वळ लाकडी इमारत हलकी असल्याने वाऱ्यात अधिक डोलली असती. जिथे वजन हवे होते तिथेच, हिशेबाने, जड साहित्य घातले. याला मी शहाणपणाचे मिश्रण म्हणतो.

बांबूबद्दल जेवढी स्तुती होते तेवढी काळजी घेतली जात नाही. बांधकामाचा बांबू 3 ते 5 वर्षांत परिपक्व होतो हे खरे, पण त्याच्या आत पिष्टमय अन्न असते आणि कीड नेमकी तेच शोधत येते. उपचार न केलेला बांबू आम्ही छताच्या एका कोपऱ्यात घातला होता; दोन महिन्यांत त्याखाली रोज सकाळी पिठासारखा पिवळसर भुसा पडलेला दिसू लागला आणि कान लावल्यास आत कुरतडण्याचा आवाज येई. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात पुरेसे दिवस बुडवलेल्या बांबूंना त्याच छतात आजवर काहीही झालेले नाही. हे क्षार पावसाने धुऊन जातात, म्हणून बांबूला आडोसा हवाच. त्याला खिळा मारू नये, तो उभा चिरतो. भोक पाडून बोल्ट घालायचा तोही गाठीजवळ, कारण दोन गाठींमधली पोकळ नळी दाबाने चेपते.

एका गैरसमजाचा उल्लेख करायलाच हवा. मातीची जाड भिंत उष्णता अडवते असे सर्रास लिहिले जाते, पण ती उष्णता अडवत नाही, लांबवते. 40 ते 45 सेंटीमीटर जाडीच्या भिंतीतून दुपारचे ऊन आत पोहोचायला रात्र होते आणि तोवर बाहेर गारवा आलेला असतो. जिथे दिवस आणि रात्र यांच्या तापमानात मोठे अंतर असते तिथे हा गुण वरदान ठरतो. जिथे महिनोन्महिने सलग थंडी असते तिथे तीच भिंत घरातली ऊब शोषून बाहेर सोडत राहते. तिथे पेंढ्याच्या गठ्ठ्यांच्या भिंती किंवा चुन्यात कालवलेल्या अंबाडीसदृश भांगेच्या काड्यांचे भराव उपयोगी पडतात, कारण त्यांत अडकलेली हवा खरोखर उष्णता रोखते. अमेरिकेतील झाडे नसलेल्या नेब्रास्कात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोकांनी पेंढ्याच्या गठ्ठ्यांची घरे बांधली, ती गरजेपोटी.

भूकंपाचा प्रश्न टाळून मातीचा पुरस्कार करणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. 26 डिसेंबर 2003 रोजी इराणमधील बाम शहरात कच्च्या विटांची घरे कोसळून हजारो माणसे गाडली गेली. माती जड असते, ताण सोसत नाही आणि सैल जोडलेल्या भिंती एकमेकींपासून सुटून बाहेर पडतात. दारे-खिडक्यांच्या वर आणि छपराखाली चारही भिंतींना बांधणारा सलग पट्टा, भिंतीत उभ्या बांबूंची किंवा जाळीची वीण, लहान खिडक्या आणि हलके छप्पर एवढे केल्याशिवाय भूकंपप्रवण भागात मातीचे घर बांधूच नये. पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो देशात गांदो येथे वास्तुविशारद दिएबेदो फ्रान्सिस केरे यांनी 2001 मध्ये बांधलेल्या शाळेत स्थानिक मातीच्या विटांत थोडे सिमेंट मिसळले आणि भिंतींपासून अलग उचललेले मोठे पत्र्याचे छप्पर घातले. पाऊस भिंतीवर येत नाही आणि मधल्या फटीतून तापलेली हवा निघून जाते. तिथे सिमेंट विटेच्या पोटात मिसळले गेले. मी ते भिंतीच्या अंगावर कवचासारखे चढवले होते.

आमच्या खोलीला आता पुढे 60 सेंटीमीटर आलेली वळचण केली आहे, पागोळ्यांचे पाणी चरातून दूर नेले आहे आणि दगडी जोत्याभोवती साचलेली माती उकरून जोते पुन्हा 45 सेंटीमीटर उघडे केले आहे. भिंतीला महिनाभर वाळू दिले. ढासळलेल्या विटांची माती आणि आतून खरवडलेला जुना गिलावा एका पिंपात भिजत घातला, तर दुसऱ्या सकाळपर्यंत त्याचा मऊ चिखल झाला होता. त्यात वाळू आणि बारीक कापलेला पेंढा घालून चार दिवस मुरवला आणि तोच भिंतीवर हातांनी थापला. वरून चुन्याच्या सफेदीचे तीन पातळ हात दिले. काढलेल्या सिमेंटचे तुकडे आणि गंजलेली जाळी अजून कुंपणाशेजारी ढिगाने पडून आहेत आणि त्यांचे काय करायचे ते अद्याप ठरलेले नाही.