नळीतलं पाणी जांभळं झालं तेव्हा

मिरजेच्या बाजूला ओढ्याकाठी अण्णांचं वीस गुंठे रान आहे. वरच्या अंगाला धातूवर मुलामा चढवणारा एक कारखाना. ओढा फुगला की त्याचं पाणी सरळ पालकाच्या वाफ्यात शिरायचं. मातीचा पहिला नमुना मीच तपासला होता. एकूण क्रोमियम, म्हणजे अशा मुलाम्यात वापरतात त्या धातूचं सगळं प्रमाण, जरा चढं आलं, पण आपली काळी माती बेसाल्टची, तिच्यात ते मुळातच जास्त असतं. म्हणून अहवालात लिहिलं, ‘विशेष चिंता नाही.’ ते वाक्य मला अजून टोचतं.

मग अण्णांचा फोन आला. "मॅडम, पालक करपायला लागलाय. दुकानदार म्हणतोय चुना मारा. मारू का?"

"हात लावू नका, मी येते."

आम्लधर्मी जमिनीत शिसं, कॅडमियम असेल तर चुन्याने ते जखडलं जातं. आपल्या रानाचा सामू, म्हणजे pH, आधीच आठच्या वर, आम्लाच्या उलट, विम्ल बाजूला. आणि क्रोमियमचं विषारी रूप, हेक्साव्हॅलंट, नेमकं अशाच विम्ल जमिनीत मोकळं फिरतं. झाडात जातं, विहिरीत उतरतं. एकूण आकड्यात ते दिसत नाही. ते मी तपासलंच नव्हतं.

ओढ्याकडच्या कोपऱ्यात मातीवर पांढरी खपली होती, तिला हळदीच्या पाण्यासारखी झाक. जस्ताच्या बादलीने नमुना बिघडतो, म्हणून प्लास्टिकचं घमेलं आणि लाकडी खुरपं नेलं होतं. बांधावरच माती पाण्यात हलवून गाळली, आम्लाचे थेंब टाकले, मग डायफिनाइल कार्बाझाइड, हेक्साव्हॅलंट क्रोमियम असेल तर जांभळं होणारं रसायन. काही क्षणांतच नळीतलं पाणी जांभळं झालं. विहिरीचं पाणीही फिकट जांभळं झालं. अण्णा काही बोलले नाहीत. आजींनी खुडलेल्या पालकाच्या जुड्या पाटीत तशाच होत्या, मिरजेच्या बाजारासाठी बांधलेल्या.

"म्हशीला तरी घालू का गं?"

"नको आजी. म्हशीलाबी नको."

त्यांनी पाटी जमिनीवर ठेवली आणि पदराने हात पुसत बसल्या.

उपाय अण्णांच्या ओळखीचा निघाला, हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. द्राक्षाची पानं पिवळी पडली की इकडे तेच देतात. त्यातलं लोह हेक्साव्हॅलंट क्रोमियमला त्रिसंयुजी, म्हणजे कमी विषारी रूपात आणतं. ते सामू आठच्या जमिनीत विरघळत नाही, मुळांना मिळत नाही. धातू जागेवरच राहतो, तो उडून जात नाही, हे मी दोनदा सांगितलं. आधी ओढ्याच्या तोंडाला मातीचा बांध घातला, खपली खरवडून पोत्यात बंद केली. मग हिराकस, वर कुजलेलं शेणखत, आणि महिनाभर वाफसा, म्हणजे मातीतला बेताचा ओलावा, टिकवला. विहिरीचं पाणी बंद. कारखान्याची तक्रार मी स्वतः लिहिली, जांभळ्या नळीचा फोटो जोडून.

दीड महिन्याने पुन्हा नळ्या मांडल्या. सतरा जागांचं पाणी नितळ राहिलं. ओढ्याकडच्या एका जागेचं अजून किंचित जांभळं होतं. तिथे पुन्हा हिराकस टाकलाय. यंदा त्या वीस गुंठ्यांत झेंडू आहे, पालक नाही.