उतरायचं का?

बाबा चिपळूणचे. पाणी दिसलं की चपला काढायच्या, हे त्यांना कुणी शिकवावं लागलेलं नाही. त्यामुळे गाडीमागे कॅम्पर ट्रेलर जोडून आम्ही ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडहून उत्तरेकडे निघालो, तेव्हा पुढचे सहा आठवडे ते एकच प्रश्न विचारणार हे मला आधीच कळायला हवं होतं. "उतरायचं का?"

आम्ही पाच जण. मी, नवरा, १४ वर्षांची थोरली, ९ वर्षांचा धाकटा आणि बाबा. आई आली नाही. "सहा आठवडे तंबूत? मला काय घर नाही?" एवढं बोलून तिने फोनवरच विषय संपवला. बाबा मात्र एस.टी.तली ३१ वर्षांची ड्रायव्हरकी गाठीला बांधून नातवंडांकडे आले होते. कुंभार्ली घाटात ज्याने उमेदीची वर्षं काढली, त्या माणसाला हजारो किलोमीटर सरळ रस्ता दाखवायचा, अशी माझ्या नवऱ्याची कल्पना. मुलांच्या शाळेत अर्ज दिले, सुट्टी पुढेमागे ताणली आणि जूनच्या मध्याला निघालो. उत्तरेत जायचं तर मे ते सप्टेंबर. त्यानंतर उकाडा अंगाला चिकटतो, मग पाऊस येतो आणि अर्धे रस्ते पाण्याखाली जातात.

पहिल्या पाच दिवसांबद्दल फार लिहीत नाही. लाल माती, वारा, आणि रात्री दात वाजवणारी थंडी. अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या पुढे ३० किलोमीटरवर मकरवृत्ताची खूण आहे, तिथे फोटोसाठी थांबलो. थोरली म्हणाली, "कॅप्रिकॉर्न म्हणजे बोकड ना?" बाबा म्हणाले, "तुमच्यात असेल. आमच्यात मकर म्हणजे मगर." आम्ही हसलो. मगरींच्या मुलखाची वेस तिथून अजून हजारेक किलोमीटर लांब होती, पण शब्दाने आगाऊ सूचना दिली होती.

नॉर्दर्न टेरिटरीत स्टुअर्ट हायवेवर ताशी १३० ची मर्यादा आहे. ट्रेलर ओढत आम्ही ९५ वर. त्यामुळे सगळे आम्हाला मागे टाकून जायचे, रोड ट्रेनसुद्धा. रोड ट्रेन म्हणजे एकाच ट्रकला तीन-तीन ट्रेलर, लांबी ५३ मीटरपर्यंत. ती शेजारून गेली की आमची गाडी आधी बाजूला ढकलली जायची आणि मग आत ओढली जायची. टेनंट क्रीकच्या पुढे एका रोडहाऊसवर तसली एक उभी दिसली आणि बाबा चहा टाकून उठले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टायर मोजत गेले. बासष्ट. मग दोन ट्रेलरांमधल्या जोडाशी उकिडवे बसून हवेच्या नळ्या कुठून कुठे जातात ते पाहत राहिले. ड्रायव्हर सॅंडविच खात खात आला. माणूस चोरी करायला आलाय की पूजा करायला, हे त्याला ठरवता येईना. बाबांनी स्वतःकडे बोट दाखवून "ड्रायव्हर. बस. थर्टी वन इयर" एवढं सांगितलं आणि मग दोघं हाताने स्टिअरिंग फिरवून, पायाने ब्रेक दाबून दहा मिनिटं बोलले. गाडीत बसल्यावर मी विचारलं, काय म्हणाला? "थांबायला किती जागा लागते ते विचारलं." किती लागते? बाबा बराच वेळ गप्प. "आपण मध्ये यायचं नाही एवढी."

माटारांकाच्या बिटर स्प्रिंग्जला प्रश्न पहिल्यांदा आला, आणि उत्तर 'हो' मिळालं. जमिनीतून येणारं कोमट, निळसर पाणी, दोन्ही काठांना ताड आणि केतकीच्या भावकीतली झाडं. मुलं फोमच्या लांब नळ्या काखेत धरून प्रवाहाबरोबर वाहत जायची, पुढे शिडीने वर यायची आणि पायवाटेने पळत पुन्हा सुरुवातीला. बाबा नळीबिळी न घेता उताणे पडून वाहत गेले. सहा दिवसांचं अवघडलेपण त्या पाण्याने काढलं. त्यामुळे त्यांचा समज झाला की पुढेही असंच असणार.

कॅथरीन गावच्या नदीत पांढरे गोळे तरंगताना दिसले. मला वाटलं मासेमारीचे. तर ते मगरींसाठी. तिथे मगरी दोन जातींच्या. एक गोड्या पाण्यातली, तोंड सुसरीसारखं निमुळतं, डिवचल्याशिवाय सहसा वाटेला न जाणारी. तिला लाडाने 'फ्रेशी' म्हणतात. दुसरी खाऱ्या पाण्यातली, 'सॉल्टी'. नाव खारं, पण ही नद्यांमधून समुद्रापासून कितीतरी आत, गोड्या पाण्यात येते, आणि हिला डिवचावं लागत नाही. पावसाळ्यात पुराबरोबर ती नवनव्या डोहांत पोचते. म्हणून दर वर्षी पाऊस संपला की रेंजर पाणी तपासतात, पिंजरे लावतात, असे गोळे सोडतात. सॉल्टीला तरंगती वस्तू दिसली की ती चावून बघते, आणि गोळ्यावर दातांचे व्रण उमटले की पोहणं बंद. हे ऐकून धाकट्याने स्वतःला मगर-अधिकारी नेमून घेतलं. तिथून पुढे प्रत्येक काठावरची पाटी तो आधी वाचणार, मग निकाल देणार.

लिचफील्डच्या राष्ट्रीय उद्यानात निकाल पुन्हा आमच्या बाजूने. ब्यूली रॉकहोलला एकाखाली एक अशी दगडी कुंडं, प्रत्येकात दोन-तीन कुटुंबं बसलेली, अगदी गावच्या वहाळावर बसावीत तशी. जवळच एका माळावर वारुळं आहेत, माणसापेक्षा उंच आणि फळीसारखी चपटी, सगळी उत्तर-दक्षिण उभी. दुपारचं ऊन अरुंद कडेवर पडावं, म्हणून वाळवीने केलेली ही व्यवस्था. लांबून कबरस्तान वाटतं. तिथल्या कॅम्पवर रात्री थोरलीची किंकाळी ऐकू आली; मी टॉर्च घेऊन धावले. संडासच्या भांड्यात, कडेच्या आतल्या बाजूला पोपटी हिरवा बेडूक चिकटून बसला होता, तळहाताएवढा, ओठांना हसरी रेघ. फ्लश केलं तर पाण्याबरोबर गोल फिरून पुन्हा जागेवर. उत्तरेत संडासात बेडूक असतोच, असं शेजारच्या तंबूतली बाई म्हणाली. दुसऱ्या दिवशीपासून थोरली आत जाताना त्याला "एक्स्क्यूज मी" म्हणायला लागली.

डार्विनला दोन दिवस. शहर समुद्राला टेकून, समोर निळंशार पाणी, आणि त्यात माणूस दिसेना. सॉल्टी समुद्रातही असते, शिवाय उकाड्याच्या महिन्यांत विषारी जेलीफिश. मिंडिल बीचच्या बाजारात खाऊन, वाळूवर बसून सगळं गाव सूर्यास्त बघतं आणि पाय न भिजवता घरी जातं. बाबांना हे फार लागलं. "गुहागरला कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल."

मग काकाडूचं राष्ट्रीय उद्यान. सुमारे २०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्हे आत ठेवून वर जागा उरेल. तिथल्या नद्यांची नावं साउथ, वेस्ट आणि ईस्ट अ‍ॅलिगेटर. देशातल्या एकाही नदीत अ‍ॅलिगेटर नाही. १९व्या शतकाच्या सुरुवातीला किनाऱ्याचा नकाशा काढणाऱ्या फिलिप पार्कर किंगने मगरींनाच अ‍ॅलिगेटर समजून नावं ठेवली, ती चिकटली ती चिकटली.

वाटेत रस्त्याकडेला गवत जळत होतं, वर घारी घिरट्या घालत होत्या आणि विझवायला कुणी नाही. बाबा घाबरले, "वणवा लागलाय, फोन कर कुणाला तरी." पण ते मुद्दाम लावलेलं. गवत पुरतं वाळायच्या आत तुकड्यातुकड्याने जाळून घेतलं की नंतरच्या भर उन्हाळ्यात मोठी आग पसरायला वाव राहत नाही. इथले मूळ रहिवासी बिनिंज हे पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत. वर्षाचे ते सहा ऋतू धरतात. आम्ही गेलो तो 'वुर्गेंग', थंडीचा. ३० अंशांची थंडी. बाबा म्हणाले, "राबच भाजतायत की." भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची ती आपली रीत निराळी, पण त्यांना त्यानंतर धुराची भीती वाटली नाही.

उबिरला खडकाखाली चित्रं आहेत. बारामुंडी मासा, आतली हाडं-आतडी दिसतील असा काढलेला. नवऱ्याने गाइडचं पुस्तक उघडलं, बाबांनी मान तिरकी करून माशाकडे पाहिलं आणि म्हणाले, "हा कापणाऱ्याने काढलाय." इतकी नेमकी ओळ त्या पुस्तकात कुठे नव्हती.

तिथून जवळच काहिल्स क्रॉसिंग. ईस्ट अ‍ॅलिगेटर नदीवरचा बुटका काँक्रीटचा रस्ता, पलीकडे मूळ रहिवाशांचा मुलूख, आर्नहेम लँड. तिथे परवान्याशिवाय जाता येत नाही. भरती आली की समुद्राचं पाणी नदीतून उलटं चढतं आणि रस्त्यावरून वाहायला लागतं. त्या पाण्याबरोबर मासे येतात, आणि मासे येणार हे मगरींना ठाऊक असतं. उंच कट्ट्यावरून आम्ही बघत होतो. आधी मला काहीच दिसेना, मग एक ओंडका प्रवाहाविरुद्ध चाललाय हे लक्षात आलं. मग दुसरा. धाकट्याने २३ पर्यंत मोजले आणि थांबला. या मुलखात १९७१ पर्यंत कातड्यासाठी यांची शिकार चालायची, आणि तेव्हा मोजकेच उरलेले होते. बंदी आली आणि सगळ्या नद्या पुन्हा भरल्या.

दुसऱ्या दिवशी यलो वॉटरला पहाटेच्या बोटीत मगर जवळून दिसली. हात लांब केला असता तर पाठ लागली असती. चिखलावर पडलेली, डोळा उघडा, जबडा अर्धा उघडा, आतून फिकट पिवळा. वरचा एक दात तुटलेला. तिच्या अंगावर एक माशी चालत होती. बोटीतली ४० माणसं श्वास रोखून. मग ती आवाज न करता पाण्यात गेली. एवढं मोठं धूड, लाट म्हणून नाही. एवढ्या दिवसांत मी भ्यायले असेन तर त्या क्षणी. त्या दिवशी बाबांनी उतरायचं का विचारलं नाही.

आता कांद्यांची गोष्ट. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत ताजी फळं, भाज्या, मध नेता येत नाहीत. तिथल्या शेतीला बाहेरची कीड लागू नये म्हणून हद्दीवर गाडी तपासतात. हे मला माहीत होतं. तरी कॅथरीनला दोन किलो कांदे घेतले, कारण स्वस्त दिसले. टिंबर क्रीकच्या कॅम्पवर, हद्दीच्या आदल्या रात्री, ते सगळे चिरायला बसलो. शिजवलेलं चालतं ना! बाबा आणि थोरली चिरतायत, डोळ्यांना धारा, नवरा बॅटरीच्या दिव्यावरचे किडे उडवतोय, आणि मी गॅसच्या दोन शेगड्यांवर कांदा, आलं, लसूण, सुकं खोबरं परतून वाटणाची तयारी करतेय. मिक्सर नाही, म्हणून उलथन्याने ठेचून डबा भरला. वास कॅम्पभर गेला. तिथे निवृत्त जोडपी कॅरव्हॅन घेऊन महिनोन्महिने फिरत असतात. त्यातले एक आजोबा रिकामा बाऊल घेऊनच आले. उरलेल्या बटाट्यांची भाजी त्यांनी आणि त्यांच्या बायकोने संपवली.

हद्दीवरच्या बाईंनी डबा उघडून पाहिला, हुंगला, परत दिला. मध गेला. दाराच्या कप्प्यातून आल्याचा एक सुकलेला तुकडा निघाला, तो दोन बोटांत धरून तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला शाळेतल्या बाईच आठवल्या. बदल्यात घड्याळ दीड तास मागे गेलं. बाबांना दीड तास फुकट मिळाल्याचा आनंद झाला, तो संध्याकाळपर्यंतच टिकला. कुनुनुर्रात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो.

या गावाची शेती ऑर्ड नदीच्या धरणावर चालते. काबुली चणे पिकतात, आंबे पिकतात, आणि मैलोन्‌मैल आपल्याकडचं चंदन लावलंय. बाबा कुंपणापलीकडच्या रांगा पाहून म्हणाले, एवढं चंदन आणि एकही चोर नाही.

पण त्यांचं मन भरलं ते धरण बघून. ऑर्डची भिंत ३३५ मीटर लांब. कोयनेची ८०७. आणि पाणी? मी फोनवर हिशेब करून सांगितलं, धरणामागचा तलाव, लेक अर्गाइल, भरला की साधारण ३८० टीएमसी. "कोयना १०५," बाबा ताबडतोब म्हणाले. जन्मभर पोफळीच्या वीजघरावरून गाडी नेलेला माणूस. कोयनेचं पाणी वीज करून वाशिष्ठीत सुटतं ते त्यांच्या दारावरून जातं. भिंतीवरून गाडी नेताना त्यांनी तिचा हिशेब पुन्हा पुन्हा मांडला. "अर्ध्याहून कमी भिंत आणि साडेतीन कोयना. जागा निवडली कुणी?"

शेवटच्या संध्याकाळी आम्ही तलावाच्या काठाला होतो. लाल कडे, पाणी तांबूस. धाकट्याने पाटी वाचली: इथे फ्रेशी आहेत. किती, ते लिहिलं नव्हतं, पण हजारोंनी आहेत हे आम्ही ऐकलं होतं. तरी लोक पोहत होते. दर वर्षी इथे पोहण्याची शर्यतही होते. मगर-अधिकाऱ्याला निकाल देता येईना. बाबांनी काठावर होडी धुणाऱ्या एका माणसाला गाठलं, पाण्याकडे आणि स्वतःकडे बोट दाखवलं. तो हसून काहीतरी म्हणाला.

बाबांनी चपला काढल्या, जोडीने नीट ठेवल्या.

"बाबा, मगरी आहेत."

"वाशिष्ठीत नाहीत? पावसात रस्त्यावर येते, तेव्हा आपण गाडी थांबवून जाऊ देतो तिला." ते कमरेपर्यंत गेले, नाक धरून एक बुडी मारली, वर आले आणि हाताने पाणी थापटत म्हणाले, "गरम आहे गं. ये."

मुलं गेली. नवरा गेला. मी गुडघ्यापर्यंत गेले आणि ओंडके मोजत उभी राहिले.